पेल्यावरची साय

३ मार्च, मंगळवार

मॅडमनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहायच्या. लिहिलं की जीभ सुटते म्हणे. कंपनीची डायरी दिलीय. वर गाय आहे, दात काढून हसतेय. गाय अशी हसते का, देवाला माहीत.

मी सातवी शिकले. त्यानंतर लिहिलं ते फक्त पाळणाघरात चिमणीचं नाव आणि पत्ता. चुकलं तर चुकलं, वाचणार कोण?

मी दूध डेअरीत पिशव्या भरायच्या मशिनवर आहे. मागच्या आठवड्यात आमचं दूध पिऊन शहरातली पोरं आजारी पडली. उलट्या, जुलाब, कुणाला रक्तसुद्धा. आता आमची पिशवी कुणी हातात धरत नाही. सकाळी गेलेले क्रेट दुपारी जसेच्या तसे परत येतात. दोन पाळ्यांची एक पाळी झाली. कमी केलेल्यांच्या यादीतून यावेळी माझं नाव वाचलं, पुढच्या वेळी वाचेल असं नाही. नवऱ्याचं वेल्डिंगचं काम आज आहे तर उद्या नाही.

मॅडम जनसंपर्क विभागाच्या. वरच्या मजल्यावर त्यांची काचेची खोली आहे. काल त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "लहान मूल कुणाला आहे इथं?" सगळ्या मेल्यांनी माझ्याकडे बोट केलं. एरवी पाणी मागितलं तर बहिऱ्या होतात.

मी म्हटलं, मॅडम, मला बोलता येत नाही. चार माणसं बघितली की घशाला कोरड पडते.

"म्हणूनच तू हवीस," म्हणाल्या. "लोक कंपनीवर विश्वास ठेवत नाहीत गं. माणसावर ठेवतात. आईवर तर लगेच."

सुपरवायझर काकांना विचारलं, जनसंपर्क म्हणजे काय हो? म्हणाले, "आपण दूध भरतो, त्या शब्द भरतात. गळती दोन्हीकडे."

५ मार्च, गुरुवार

आज वर गेले. चप्पल काढू का विचारलं तर मॅडम हसल्या.

शेजारच्या मोठ्या खोलीत साहेब लोक बसले होते. मॅडमना आत बोलावलं. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मॅडम हात हलवून काहीतरी सांगत होत्या आणि एक साहेब मोबाईल बघत होता. आमच्या घरी मी बोलताना नवरा बघतो, अगदी तस्संच. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल.

"मी म्हटलं, मशीन नीट होईपर्यंत दोन आठवडे बंद ठेवू, स्वतःहून लोकांना सांगू. पण मला विचारायला नव्हतं बोलावलं. ठरलेलं सांगायला बोलावलं होतं." मग स्वतःशीच म्हणाल्या, "आमचं काम खरं तर ठरण्याच्या आधी असतं. आम्हाला बोलावतात आग लागल्यावर, तेही विझवायला नाही, धूर झाकायला."

मला काय कळणार? मी मान हलवली.

मग माझी तयारी. चिमणी हेच दूध पिते का? पिते. डेअरीतून रोज एक पिशवी मिळते आम्हाला. कसं देतेस? मी म्हटलं, कसं म्हणजे, उकळते, कोमट करते, साय बाजूला काढून तिच्या तळहातावर ठेवते. सायीशिवाय पीतच नाही ती.

मॅडमनी लिहिलं. मग खोडलं.

"उकळते म्हटलं तर लोक म्हणतील, दुधात काहीतरी आहे म्हणून उकळते."

"पण मी उकळते, मॅडम."

"सवय म्हणून ना? गरज आहे म्हणून नाही ना?"

"सवयच. माझी आई उकळायची."

"मग सवय कशाला सांगायची?"

बरोबरच आहे. पिशवीवरही लिहिलंय, थेट प्या. म्हणून माझं वाक्य असं झालं: माझी मुलगी हेच दूध पिते. पिशवी फोडली, पेल्यात ओतलं, की झालं.

लहान वाक्य, समोर बघून, दम न लागता. दहादा म्हणून घेतलं.

जाताना मशिनं दुरुस्त करणारा फिटर दादा भेटला, तो सांगत होता. दूध तापवायच्या मशिनात पातळ पत्रे असतात. एका बाजूनं कच्चं दूध जातं, दुसऱ्या बाजूनं तापलेलं, मध्ये फक्त पत्रा. त्यातला एक झिजलाय, कच्चं तापलेल्यात शिरतं. मी म्हटलं, बदलला का? म्हणाला, मागवलाय.

मागवलाय म्हणजे येईलच.

८ मार्च, रविवार

आज घरी शूटिंग झालं. घर माझं, पण मलाच ओळखू येईना. नवऱ्याचा वेल्डिंगचा मुखवटा पलंगाखाली ढकलला, खिडकीला त्यांचा पडदा लावला, ओलीचे डाग पडलेले पोपडे कपाटामागे गेले. नवरा म्हणाला, "मलाही कपाटामागे लावा. मी कुठे बरा दिसतो?"

भिंतीपल्याडच्या वहिनी टिल्लूला कडेवर घेऊन दारात उभ्या. आमची भिंत एकच आहे. इकडून चमचा वाजवला की तिकडे चहाचं आधण पडतं. चिमणी आणि टिल्लू सहा महिन्यांच्या अंतरानं झाले. मी पाळीवर असताना चिमणी कितीदा त्यांच्या मांडीवर झोपलीय. वहिनी जोरात म्हणाल्या, "चिमणीची आई, पदर नीट कर गं, आता तू सगळ्या गावाची आई!" कॅमेरावाला हसला आणि परत पहिल्यापासून करावं लागलं.

पिशवी मी फोडली, पेल्यात ओतली. वाक्य म्हटलं. एकदा अडखळले, दुसऱ्यांदा जमलं.

मग मॅडम म्हणाल्या, आता चिमणीचं पिणं घेऊ, पण तिला गार नको, मी कोमट आणलंय. त्यांच्या पिशवीत थर्मास होता. त्यातलं त्याच पेल्यात ओतलं. वर साय आली. कॅमेरावाला म्हणाला, ही नको, घाण दिसते, आणि चमच्यानं काढायला लागला. चिमणीनं भोकाडच पसरलं. तळहात पुढे करून "छाय, छाय". शेवटी मॅडमनी स्वतः तिच्या हातावर साय ठेवली तेव्हा गप्प झाली. मग घटाघटा प्यायली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम किती काळजीच्या. पोरीला गार नको हे त्यांना सुचलं, मला नाही.

एकच खटकलं. माझी फोडलेली पिशवी त्यांनी मोरीत ओतून दिली. चांगली भरलेली! मी म्हटलं, अहो मॅडम, राहू द्या, टिल्लूला देते. तर घाईनं म्हणाल्या, "नको नको, दिव्यांखाली तापलंय." मोठ्या लोकांना टाकायचं काही वाटत नाही.

११ मार्च, बुधवार

मी सगळीकडे आहे. मोबाईलवर, दुकानावर, बसच्या पाठीमागे. बसच्या पाठीवर चिमणीला पांढरी मिशी आलीय. पाववाल्यानं पैसे घेतले नाहीत. नवरा म्हणतो, आता घरात शिरायला तिकीट लावू.

अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू?

१३ मार्च, शुक्रवार

क्रेट रिकामे परत यायला लागले. दुसरी पाळी पुन्हा चालू झाली. बायकांनी मला मध्ये बसवून डबा खाल्ला. एकीचं नाव गेलं होतं, ती माझा हात धरून रडली. मला बक्षीस म्हणून रोज एक पिशवी जास्त मिळणार. मी ती वहिनींना देते. त्यांनी मागच्या महिन्यात आमचं दूध बंद केलं होतं.

सुपरवायझर काका मात्र तिरकेच. म्हणाले, "दुधानं तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात. तू मात्र आठ दिवसांत त्यांना दूधच न फुंकता पाजलंस." ही स्तुती होती का कळलं नाही.

१४ मार्च, शनिवार

सकाळी वहिनींकडे पिशवी द्यायला गेले. त्यांनी माझ्यासमोर फोडली आणि सरळ टिल्लूच्या पेल्यात ओतली.

मी म्हटलं, उकळत नाही का?

"अगं, तूच सांगतेस ना, पिशवी फोडली, पेल्यात ओतलं, की झालं! आमच्या ह्यांना म्हटलं, तिचं ऐका, ती स्वतः भरते ते दूध. गॅस वाचतो, वर पातेलं घासायचं वाचतं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मॅडमनी बजावलंय, जे बाहेर बोललो तेच घरी, तेच शेजारी, एकच बोलायचं. वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या सगळ्या गल्लीला सांगतील. कंपनीला कळलं तर? आणि दूध आता चांगलं आहेच. इतके लोक पितात.

टिल्लू प्यायला आणि माझ्याच साडीला तोंड पुसलं.

१५ मार्च, रविवार

आता मी दार लावून दूध उकळते. चोरी केल्यासारखं. आज लक्ष चिमणीकडे गेलं आणि दूध उतू गेलं. जळका वास सुटला. भिंतीपलीकडून वहिनी ओरडल्या, "कुणाचं गं दूध उतू गेलं?"

मी म्हटलं, "माझं नाही बाई."

का म्हटलं?

१७ मार्च, मंगळवार

टिल्लूचं पोट बिघडलंय. वहिनी म्हणतात दात येत असतील. दाढा येताना होतं.

१९ मार्च, गुरुवार

दाढा नव्हेत. रक्त पडलं. वहिनी आणि टिल्लूचे बाबा, आमचे शेजारचे दादा, त्याला दवाखान्यात घेऊन गेले. तिथंच ठेवून घेतलाय. मी पाळीवरून तशीच गेले. तो झोपला होता, हाताला सुई. वहिनींनी मला बघितल्या बघितल्या विचारलं, "चिमणी बरी आहे ना?"

बरी आहे म्हटलं.

"मग दुधाचं नाही," त्या दादांना म्हणाल्या. "बघा, मी म्हटलं होतं. दोघं एकच दूध पितात."

डॉक्टरांनी विचारलं काय काय खाल्लं. वहिनी सांगत होत्या. मी तिथंच उभी होते.

२१ मार्च, शनिवार

टिल्लूची लघवी बंद झालीय. तोंड सुजलंय. डॉक्टर मूत्रपिंडाचं काहीतरी म्हणाले.

सकाळी दूध उकळलं. साय धरली. चिमणीनं तळहात पुढे केला, "छाय", अगदी त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर केला होता तसा. आणि मी तिथंच खाली बसले.

साय न उकळता येत नाही. मी दुधात काम करते, मला हे कळू नये?

तशीच मॅडमकडे गेले. चप्पल काढली नाही. म्हटलं, थर्मासमधलं दूध तुम्ही घरून उकळून आणलं होतंत.

त्यांनी आधी दार लावलं. पहिलं काय विचारलं तर, "कुणाला बोललीस?"

नाही म्हटलं. मग खुर्चीत बसल्या.

"पत्रा बदललेला नव्हता. तुझ्या मुलीला ते दूध पाजणं माझ्याच्यानं झालं नसतं."

"मग टिल्लूला?"

"टिल्लू कोण?"

मी सांगितलं टिल्लू कोण ते. दारात वहिनींच्या कडेवर होता, ज्याला मी पिशवी देणार होते आणि तुम्ही मोरीत ओतली, तो. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, "मी म्हटलं होतं बंद ठेवा."

"मला म्हटलं होतं?"

"त्यांना."

खाली फिटर दादाला विचारलं. पत्रा अजून मागवलेलाच आहे.

मी घरी येऊन सगळं नवऱ्याला सांगितलं. तो चेष्टा करेल असं वाटलं. नाही केली. म्हणाला, "वहिनीला आज सांगू नकोस. आधी पोरगं बरं होऊ दे."

मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना तेवढं सांगितलं, त्यानं दूध न उकळता प्यायलं, डेअरीतलं. त्यांनी लिहून घेतलं. वहिनी तेव्हा आत होत्या.

२५ मार्च, बुधवार

टिल्लू गेला.

२६ मार्च, गुरुवार

लिहवत नाही, पण न लिहून जाऊ कुठे? त्याला घरी आणलं आणि नेलं. दादांनी एका हातावर धरला होता, एवढासाच. चिमणी विचारते, टिल्लू झोपलाय का? मी हो म्हटलं. आणखी एक खोटं.

वहिनी रडत नाहीत. मोरीत बसून हात घासतात. साबण लावतात, धुतात, परत लावतात. कातडी निघालीय. मी हात धरले तर म्हणाल्या, "माझ्याच हाताचं काहीतरी गेलं गं त्याच्या पोटात. नाहीतर चिमणीला कसं काही झालं नाही? तेच दूध, तीच भिंत, तेच पाणी. फरक काय तो आईच्या हातांचा."

मी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं मी.

२७ मार्च, शुक्रवार

वरून बोलावणं आलं. उद्या फाटकापाशी पेपरवाले, टीव्हीवाले येणार. यावेळी मॅडमसोबत तो मोबाईल बघणारा साहेब होता. कागद त्यानंच दिला. माझं नवं वाक्य: शेजारच्या बाळाचं ऐकून मला दुःख झालं. माझी मुलगी त्याच दुधावर वाढतेय आणि ठणठणीत आहे.

साहेब म्हणाला, "यात खोटं काही नाही. आहे ना ठणठणीत?"

आहे.

"हे नीट झालं तर तुला कायम करू. नाही झालं तर दोन्ही पाळ्या बंद, तुझ्या सगळ्या मैत्रिणी घरी."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी कागद घेतला. भीती वाटते म्हणून घेतला. मला सगळ्याचीच भीती वाटते, कामाची, त्या बायकांची, साहेबाची. पण घरी येताना जिना चढले तर पलीकडून पाण्याचा आवाज. वहिनी अजून हात धूत होत्या. त्या आवाजाची भीती सगळ्यात जास्त वाटली.

आत गेले. दादा कोपऱ्यात बसले होते. मी नळ बंद केला आणि म्हटलं, "वहिनी, तुमच्या हातांचं काही नाही. मी उकळते."

"काय?"

"दूध. चिमणीचं दूध मी उकळते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. एक दिवस चुकवला नाही. ते कॅमेऱ्यात म्हटलं ते शिकवलेलं होतं."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी उतू गेलं," त्या म्हणाल्या, "ते तुझंच होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

मग त्यांनी ओले हात पदराला पुसले. सावकाश, एकेक बोट. आणि तेव्हा रडल्या. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "हात नको लावूस." दादा उठले. मला वाटलं बाहेर काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "हे उद्या सगळ्यांसमोर बोलशील?"

२८ मार्च, शनिवार

बोलले.

मॅडमनी शिकवलं होतं तसंच बोलले. लहान वाक्य, समोर बघून, दम न लागता. माझी मुलगी ठणठणीत आहे, कारण मी दूध उकळते. जाहिरातीत मी उकळत नाही म्हटलं ते खोटं आहे. ते ऐकून माझ्या वहिनींनी उकळायचं सोडलं. त्यांचा टिल्लू गेला. मशिनातला पत्रा अजून बदललेला नाही. दूध पिऊ नका.

साहेब मध्ये पडायला लागला. कुणीतरी ओरडून विचारलं, ही बाई म्हणते ते खरं आहे का? साहेबानं मॅडमकडे बघितलं. बोलणं मॅडमचं काम ना. मॅडम पुढे आल्या. मला वाटलं आता ह्या शब्द भरणार.

"खरं आहे," म्हणाल्या. बस, एवढंच.

पाळीच्या बायका फाटकाच्या आत उभ्या होत्या. जी माझा हात धरून रडली होती ती माझ्याकडे बघून थुंकली. तिलाही पोरं आहेत. मी तिला काही म्हणत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

डेअरीला टाळं लागलंय. मला काढायची गरजच पडली नाही. मॅडमनाही काढलं, फिटर दादा सांगत होता. त्या वहिनींना भेटायला आल्या होत्या. वहिनींनी दार उघडलं नाही. माझ्याकडे आल्या, उंबऱ्यातच थांबल्या. चिमणीनं त्यांना ओळखलं आणि तळहात पुढे केला. त्या तशाच वळून निघून गेल्या.

बसच्या पाठीवर चिमणी अजून आहे. काढायला कुणी आलं नाही. कुणीतरी तिच्या तोंडावर चिखल फेकलाय. नवरा काल बादली घेऊन गेला आणि पुसायला लागला, तेवढ्यात बस सुटली.

चिमणी चमचा घेऊन भिंतीवर वाजवते. मी काढून घेते, ती परत आणते. पलीकडून काही नाही. नळही नाही वाजत आता. वहिनींचे हात बरे होत असतील. तेवढं तरी झालं असेल.

आज दुसऱ्या डेअरीचं दूध आणलं. दार सताड उघडं ठेवलं, खिडकीही उघडली आणि पातेलं चढवलं. वर येताना दिसत होतं. गॅस बारीक केला नाही. शेगडीवर सांडलं, ओट्यावर सांडलं, जळका वास गल्लीभर गेला.

मी भिंतीला कान लावून उभी राहिले.

कुणाचं दूध उतू गेलं, कुणी विचारलं नाही.